नकाराच्या रकान्यात नक्की कोण कोण बसलं: दिघ्याच्या एका शाळेतली टीडीची लस

पहिल्या दिवशी दहावीच्या दोन्ही तुकड्या मिळून तिघांत एकानेच लस घेतली आणि उरलेल्यांतले जे हजर होते ते जवळपास सगळे रजिस्टरमध्ये 'नकार' म्हणून गेले. त्यानंतर महिनाभरातच त्याच शाळेत, त्याच सिस्टरच्या हातून, तीच लस बहुतेक सगळ्यांनी घेतली. मधल्या काळात कोणी व्याख्यान दिलं नाही, प्रभातफेरी काढली नाही, आणि खरं सांगायचं तर लसीबद्दल कोणाचं मतही फारसं बदललं नाही. काय बदललं ते नीट लिहून ठेवतोय कारण दरवर्षी हेच होतं आणि दरवर्षी मीटिंगमध्ये 'पालकांमध्ये जागृती नाही' एवढं एक वाक्य लिहून विषय संपवतात.

शाळा कुठे आहे ते आधी सांगतो. कळव्याहून ठाणे-बेलापूर रोडने निघालात की विटाव्यापर्यंत ठाणे महापालिका, पुढे दिघा लागलं की नवी मुंबई. पाटी सोडली तर काही बदलत नाही, तेच एमआयडीसीत जाणारे टेम्पो, त्याच डोंगरावर चढत गेलेल्या चाळी. आमची शाळा दिघ्याच्या बाजूला, मराठी माध्यम, अनुदानित, नाव सांगत नाही. मुलं मात्र दोन्हीकडची. मी विज्ञान शिकवतो, दहावी ब माझ्याकडे आहे, आणि आरोग्याचं काहीही आलं की ते फिरत फिरत माझ्याच टेबलावर येतं, मग ती जंताची गोळी असो, लोहाची निळी गोळी असो नाहीतर आरबीएसकेची, म्हणजे मुलांच्या सरकारी आरोग्य कार्यक्रमाची तपासणी. (हा आरबीएसके कार्यक्रम देशात सुरू झाला तोच २०१३ च्या फेब्रुवारीत पालघरहून, आणि पालघर तेव्हा आपल्या ठाणे जिल्ह्यातच होतं, हे आमच्या स्टाफरूममध्येही कोणाला माहीत नव्हतं.)

आता लस कुठली. टीडी म्हणजे धनुर्वात आणि घटसर्प. पूर्वी नुसतं टीटी, म्हणजे धनुर्वाताचं इंजेक्शन द्यायचे, त्यात घटसर्पाचा कमी मात्रेचा भाग घालून टीडी आली. सरकारी वेळापत्रकात ती दहाव्या आणि सोळाव्या वर्षी आहे, म्हणून शाळेत साधारण पाचवी आणि दहावीला देतात. लहानपणी घेतलेल्या डोसांचा जोर घटसर्पाच्या बाबतीत वर्षं जातील तसा कमी होत जातो, आणि आपल्याकडे हल्ली घटसर्प तान्ह्या बाळांपेक्षा शाळेच्या वयाच्या मुलांतच जास्त सापडतो. त्यामुळे ही लस उगाच नाही. पाचवीला काही अडचण येत नाही, आया स्वतः सोबत येतात, पोरगं रडतं, टोचतात, चॉकलेट देतात, झालं. घोडं अडतं दहावीला.

तर तो दिवस. २०२४ चा ऑगस्ट, श्रावणातला सोमवार. त्या वर्षी श्रावण सोमवारीच सुरू झाला होता आणि पाच सोमवार आले होते, त्यामुळे घराघरात जरा जास्तच कौतुक, ज्या पोरी एरवी उपवास करत नाहीत त्यांनीही धरलेला. तारीख वरून ठरून आलेली. त्यात रात्रभर पाऊस, विटाव्याच्या रेल्वे पुलाखाली पाणी, त्या बाजूची मुलं गुडघाभर पाण्यातून चालत भिजून आलेली, निम्मी आलीच नाहीत. सकाळचं सत्र, म्हणजे आलेल्या मुलांच्या पोटात एक कप चहा, तोही असला तर.

लसीकरण प्रयोगशाळेत ठेवलं होतं कारण तिथे बेसिन आहे. सिस्टर आल्या, निळा व्हॅक्सिन कॅरियर टेबलावर ठेवला, डॉक्टर आले, सगळं नियमाप्रमाणे. रांग बाहेर व्हरांड्यात, दार उघडं, त्यामुळे रांगेतल्या प्रत्येकाला आतल्या प्रत्येकाचा दंड, सुई आणि चेहरा दिसत होता. मुलं मुली एकाच रांगेत. अर्धा तास असं चाललं आणि मग अ तुकडीतली एक मुलगी चक्कर येऊन पडली.

तिला लस दिलेलीच नव्हती. ती रांगेत होती, तिच्या पुढे अजून पाच-सहा जण होते. उपाशीपोटी उभी, ओल्या कपड्यात, समोर सुई दिसतेय. डॉक्टरांनी आडवं केलं, पाय वर उचलून धरले, दोन मिनिटांत डोळे उघडले, लिंबूपाणी दिल्यावर स्वतः चालत गेली. पण तोवर कोणीतरी व्हिडिओ काढला होता, शाळेत मोबाइलला बंदी आहे म्हणे, आणि पालकांच्या ग्रुपवर 'इंजेक्शन दिल्यावर मुलगी बेशुद्ध' असा तो फिरायला लागला. लगेच आणखी दोघी बसल्या, एक मुलगा भिंतीला टेकला. गेटवर पालक जमायला लागले. मुख्याध्यापक सरांनी त्या दिवसापुरतं काम थांबवलं, आणि ते बरोबरच केलं.

या प्रकाराला जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ पासून वेगळं नावच दिलंय, लसीकरणाच्या ताणातून येणारी प्रतिक्रिया. औषधाचा संबंध नसतो, भीती, उपास, उकाडा, उभं राहणं आणि शेजारच्याला पडताना बघणं, एवढं पुरतं, आणि किशोरवयात हे जास्त होतं. खरी अ‍ॅलर्जीची रिअ‍ॅक्शन वेगळी दिसते, अंगावर पित्त उठतं, श्वासाला घरघर लागते, नाडी जोरात पळते. चक्कर आलेल्याची नाडी उलट मंद होते, चेहरा पांढरा पडतो, घाम फुटतो आणि आडवं केलं की माणूस सावरतो. डॉक्टरांकडे अ‍ॅड्रेनालिन वगैरे सगळं तयार होतं, ते उघडावंही लागलं नाही. पण हे गेटवर उभ्या असलेल्या बापाला कोण सांगणार आणि तो का ऐकेल.

हे हलक्यात घ्यायची गोष्ट नाही. कोलंबियात २०१४ साली एल कारमेन दे बोलिवार नावाच्या गावात एचपीव्हीची, म्हणजे गर्भाशयमुखाच्या कॅन्सरविरुद्धची लस घेतलेल्या शाळकरी मुलींना चक्कर, हातापायाला मुंग्या असं सुरू झालं, व्हिडिओ देशभर गेले, आकडा शेकड्यांत गेला. तपासात लसीशी संबंध सापडला नाही. तरी त्या देशात २०१२ मध्ये पहिला डोस घेणाऱ्या मुली ९८ टक्के होत्या त्या २०१६ मध्ये १४ टक्क्यांवर आल्या. म्हणजे अख्ख्या देशाचा कार्यक्रम एका गावातल्या व्हिडिओंनी बसला. आमच्याकडे तर नुसता श्रावणी सोमवार होता.

आता रजिस्टर. त्यात रकाने तीन: दिली, गैरहजर, नकार. ज्यांच्याकडे पालकांनी सही केलेलं संमतीपत्र नव्हतं ते सगळे नकारात गेले, आणि चक्करच्या प्रकारानंतर जे रांगेतून निघून गेले तेही नकारातच. सिस्टरची यात काही चूक नाही, चौथा रकानाच नव्हता, तिने कुठे लिहावं. पण ती यादी बघून माझं काही समाधान होईना, कारण त्यातली निम्मी घरं मला माहीत आहेत आणि ही लसीला नाही म्हणणारी घरं नाहीत. ज्यांनी कोविडच्या वेळी पोरांना १२ ते १४ वाली कोर्बेव्हॅक्स मिळावी म्हणून २०२२ च्या मार्चपासून केंद्रावर चकरा मारल्या तेच हे लोक, तीच ही पोरं, तेव्हा सातवीत होती. मग मी आणि आमच्या मराठीच्या बाईंनी यादी वाटून घेतली आणि संध्याकाळचे फोन लावायला बसलो.

सगळ्यात मोठा गठ्ठा निघाला तो कागद घरी पोचलाच नाही अशांचा. दप्तरात, वहीच्या प्लास्टिक कव्हरमध्ये, एकाचा तर कंपासपेटीत घडी करून. ही दहावीची पोरं आहेत, पाचवीसारखं आई दप्तर तपासत नाही. आणि आई घरी असतेच कुठे, ऐरोलीच्या आयटी पार्कात हाउसकीपिंगला सकाळी सहाला जाते, बाबा रात्रपाळीहून येऊन झोपलेले, पोरगा शाळेत निघतो तेव्हा दोघांपैकी एकही जागा आणि घरी अशी वेळच नाही. एका वडिलांना फोन केला तर म्हणाले, "सर, मला सही करायची आहे हेच आत्ता तुमच्याकडून कळतंय, आणि तुम्ही म्हणताय मी नकार दिला?" बरोबर आहे त्यांचं.

दुसरा प्रकार जरा गमतीचा. काही कागदांवर चक्क 'परवानगी नाही' लिहून खाली सही होती, आणि अक्षर माझ्या ओळखीचं, दर आठवड्याला जर्नलमध्ये बघतो ते. पोरांनी स्वतःच लिहून स्वतःच सही ठोकलेली. बापाची सही ही पोरं प्रगतिपुस्तकावर आठवीपासून करतात, त्यात नवीन काही नाही. विचारलं तर एकाने सरळ सांगितलं, "सर, सुईची भीती वाटते, पण वर्गात कसं सांगणार." पंधरा-सोळा वर्षांचा, मिशी फुटलेला, कबड्डीच्या टीममधला मुलगा. मी त्याला काही बोललो नाही, फक्त पुढच्या वेळी तुझा नंबर पहिला लावतो म्हटलं, म्हणजे बघत उभं राहायला नको.

तिसरे म्हणजे 'लहानपणी सगळे डोस झालेत की, आता परत कशाला' वाले. हे खूप होते, आणि ते अजिबात विरोधक नाहीत, त्यांना सोळाव्या वर्षीही डोस असतो हेच कोणी कधी सांगितलेलं नाही. लसीचं कार्ड शाळेत नाव घालताना शेवटचं बाहेर आलेलं. दोघांनी 'सायकलवरून पडला तेव्हा टीटी दिलंय' असं सांगितलं, ती नावं मी डॉक्टरांकडे दिली, किती महिन्यांपूर्वी, काय दिलं होतं ते बघून त्यांनी ठरवलं. ते माझं काम नाही.

आणि मग खरे नकार. हाताच्या बोटांवर मोजता येतील इतके. एका घरी २०१८ ची आठवण होती, त्या वर्षी २७ नोव्हेंबरपासून राज्यात गोवर-रुबेलाची मोहीम झाली, शाळाशाळांतून टोचलं, आणि या मुलाला त्या रात्री ताप आला होता. मधल्या काळात त्या तापाची गोष्ट वाढत वाढत 'पोरगं मरता मरता वाचलं' इथवर गेलेली. दुसऱ्या घरी आजी, मुलीला पुढे मूल होणार नाही हे त्यांच्या डोक्यात. ही अफवा त्याच मोहिमेच्या वेळी व्हॉट्सअ‍ॅपवर फिरली होती, देशभर फिरली होती. आजीकडे मी गेलो नाही, काही उपयोग नव्हता, आशाताई गेल्या. त्यांनी भाषण दिलं नाही, एवढंच विचारलं की आजी, तुमच्या सुनेला गरोदरपणात धनुर्वाताची दोन इंजेक्शनं दिलेली, ती घेऊनच ही नात झाली ना? आजी हसल्या म्हणे. त्या तापाच्या घरी मात्र शेवटपर्यंत नाहीच म्हणाले. ठीक आहे. पालकांची संमती हवी हे २०१९ च्या जानेवारीत दिल्लीच्या उच्च न्यायालयाने गोवर-रुबेलाच्याच प्रकरणात सांगितलेलं आहे, आणि संमती मागायची म्हटलं की नाही हे उत्तर पण चालवून घ्यावं लागतं. मला तर वाटतं त्या एका घराचा नकार आम्ही नीट लिहून घेतला म्हणूनच आमच्या बाकीच्या आकड्याला काही किंमत आहे.

एवढं करूनही हिशेब लागत नव्हता. मुलींची संख्या जास्त होती नकारात, मुलांपेक्षा बरीच, आणि फोनवर त्यांच्या घरचे म्हणायचे, "आमची काही हरकत नाही सर, तीच नको म्हणते." का नको, ते सांगत नव्हत्या. मला तर सांगणारच नव्हत्या. मराठीच्या बाईंनी एक दिवस ऑफ तासाला चौघी-पाचजणींना घेऊन बसून काढून घेतलं.

बाही.

आमच्याकडे आठवीपासून मुलींना सलवार-कमीज. बाही कोपराच्या वरपर्यंत, आणि पोरी ती शिंप्याकडून घट्ट करून घेतात, फॅशन. टीडी द्यायची दंडात, खांद्याच्या जरा खाली, स्नायूत. ती घट्ट बाही गुंडाळून तिथवर जातच नाही. मग सोमवारी काय झालं, तर पहिल्या दोन-तीन मुलींना कमीजचा गळा खांद्यावरून खाली ओढून दंड बाहेर काढावा लागला, उघड्या दारासमोर, मागे रांगेत मुलं उभी. कोणी काही वाईट वागलं नाही, सिस्टरनी ओढणी वगैरे धरली, पण रांगेतल्या सगळ्या मुलींनी ते बघितलं, आणि संपला विषय. त्यांना सुईशी देणंघेणं नव्हतं, घटसर्पाशी नव्हतं, अफवेशीही नव्हतं. आणि कुठल्याही संमतीपत्रावर कुठलीही मुलगी हे कारण लिहिणार नाही. 'नको' लिहील. ते 'नको' वर जाईल, वर त्याचं 'गैरसमज' होईल आणि मग गैरसमज दूर करायला पत्रकं छापून येतील.

दुसऱ्या वेळी आम्ही तारीख मागून घेतली, गुरुवार. गुरुवारी पीटीचा गणवेश असतो, सैल टीशर्ट, बाही एका बोटाने वर जाते. मुलींना वेगळी खोली, आत सिस्टर, बाई आणि आशाताई, दार लोटलेलं. मुलांना तळमजल्यावर, पाच-पाच जण बाकावर बसवून आत घ्यायचे आणि दुसऱ्या दाराने बाहेर काढायचे म्हणजे टोचलेले आणि न टोचलेले समोरासमोर येत नाहीत. कंपासपेटीवाल्यांसाठी संमतीपत्र आदल्या शनिवारी, रविवारी आई-बाबा दोघं घरी असतात म्हणून, आणि सोबत फोटो काढून ग्रुपवर, की आज हा कागद तुमच्या पोराच्या दप्तरात आहे. वेळ मधल्या सुट्टीनंतरची. नियमाने पोषण आहाराची खिचडी आठवीपर्यंतच, दहावीला नाही, तर मुख्याध्यापक सरांनी नाक्यावरच्या गाडीवरून केळी आणवली, प्रत्येकाला दोन, खाल्ल्याशिवाय खोलीत प्रवेश नाही. नंतर अर्धा तास बसवायचं असतं तेव्हा मी जुन्या प्रश्नपत्रिकेतलं अपवर्तनाचं गणित फळ्यावर टाकलं. चक्कर यायला कोणाला सवड मिळाली नाही, सोडवण्यावरून भांडत बसले. कबड्डीवाला पहिला गेला, शब्दाप्रमाणे, आणि बाहेर येऊन इतका भाव खाऊ लागला की त्याला दुसऱ्या दाराने पाठवणंच बरं पडलं.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवली होती, मुलांना आणि ग्रुपवर पण, की दंड दुखेल, एक-दोन दिवस कसर वाटेल, थोडी सूज येईल, ते नेहमीचं आहे. हे बोलायला काही शिक्षकांचा विरोध होता, उगाच घाबरतील म्हणून. माझं मत उलटं आहे. दंड दुखणारच आहे, आधी सांगितलं तर पालक म्हणतात सर म्हणाले तसंच झालं, नाही सांगितलं तर रात्री दहाला मेसेज सुरू होतात.

उरले कोण, तर एक ते तापाचं घर, काही आजारी असलेले, आणि विटाव्याची काही मुलं जी त्या गुरुवारीही नव्हती. शेवटच्यांचं त्रांगडं असं की घर ठाण्याच्या हद्दीत, शाळा नवी मुंबईच्या. घरी जाणाऱ्या आशाताईंच्या यादीत ती 'शाळेत मिळेल' अशी, आणि शाळेच्या यादीत 'घराजवळ घेईल' अशी. दोष कोणाचाच नाही, हद्दच तशी आहे. त्यांना चिठ्ठ्या लिहून दिल्या, सरकारी केंद्रावर ही लस फुकट मिळते, कुठल्याही बाजूच्या, पत्ता कोणी विचारत नाही. बहुतेक जाऊन घेऊन आले, दंड दाखवायला माझ्याकडे आले म्हणून कळलं.

ज्यांचं काहीच करता आलं नाही ते १७ नंबर फॉर्मवाले. ते बाहेरून परीक्षेला बसतात, आमच्या पटावर नाहीत, कुठल्याच पटावर नाहीत, दिवसभर कुठे गॅरेजला नाहीतर टेम्पोवर. धनुर्वाताचा धोका खरं तर त्यांनाच जास्त, रोज पत्रा, गंज, जखमा. परीक्षा फॉर्मच्या निमित्ताने जे एक-दोनदा आले त्यांना केंद्राचा रस्ता सांगितला. आणि दहावीला राहून गेलेला मुलगा अकरावीला गेला की संपलंच, कॉलेजात हजेरी नावाला, सगळी क्लासला. म्हणून दहावीला सोडून चालत नाही.

एचपीव्हीच्या लसीचं शाळांमधून बोलणं सुरू झालंय म्हणून हे सगळं आणखी महत्त्वाचं वाटतं. ती मुख्यतः नऊ ते चौदा वर्षांच्या मुलींसाठी, दंडातच द्यायची, २०२२ पासून जागतिक आरोग्य संघटना या वयाला एक डोसही चालतो म्हणते. सिक्कीमने २०१८ मध्ये शाळांमधून ती दिली तेव्हा ९५ टक्क्यांहून जास्त मुलींनी घेतली होती, म्हणजे आपल्या देशातल्या शाळांत होऊ शकतं. तिथे अफवाही जास्त येतील, लग्न आणि मूल या विषयांवर तर येतीलच, त्यांना उत्तरं तयार ठेवायला हवीतच. पण त्याआधी कोणीतरी बाहीकडे बघा.

पुढच्या वर्षी रजिस्टर आलं तेव्हा रकाने तेच तीन. मी नकाराच्या पुढे मोकळ्या जागेत कारणं लिहायला घेतली, कागद घरी गेला नाही, उपवास, बाही, स्वतःच सही केली, असं. सिस्टरनी दोन ओळी वाचल्या आणि म्हणाल्या, "सर लिहा तुम्ही, पण पेन्सिलने लिहा. वर पाठवताना मला खोडावं लागतं."